रामघाटाच्या पायऱ्या आणि स्थापत्याचे शिक्षण



शताब्दीनिमित्तच्या व्याख्यानांत साहित्य, इतिहास, संतवाङ्मय हे विषय येणारच. त्यांच्या पंगतीत स्थापत्य अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम बसवणे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या घरातून वाचक ग्रंथालयात येतो, त्याच घरातला एखादा नातू किंवा नात अभियांत्रिकीच्या वर्गात असते, आणि चार वर्षे हे मूल नेमके काय शिकते याची कल्पना घरातल्या वडीलधाऱ्यांना क्वचितच असते. 'पूल, रस्ते, इमारती' एवढे तीन शब्द उच्चारले की चौकशी संपते. त्या तीन शब्दांच्या मागे काय आहे आणि त्यात काय राहून जाते, हा आजचा विषय.

प्रथम शब्दाचाच विचार करू या. इंग्रजीतील 'सिव्हिल इंजिनिअर' ही संज्ञा अठराव्या शतकात जॉन स्मीटन या ब्रिटिश अभियंत्याने स्वतःसाठी वापरली. तोवर किल्ले, खंदक, तोफखाना यांची कामे करणारे ते इंजिनिअर, म्हणजे लष्करी. दीपगृह, कालवा, बंदर ही कामे लष्कराची नव्हती, नागरिकांची होती; म्हणून हा 'सिव्हिल'. १८१८ साली लंडनमध्ये या व्यवसायाची संस्था निघाली ती याच नावाने. मराठीने मात्र ही संज्ञा भाषांतरित न करता 'स्थपती'वरून 'स्थापत्य' हा जुना, भारदस्त शब्द पुढे केला. शब्द सुरेखच आहे. पण या अदलाबदलीत एक गोष्ट हातची गेली. 'सिव्हिल'मध्ये नागरिक दडलेला होता. 'स्थापत्या'त केवळ बांधणारा उरला. ज्याच्यासाठी बांधायचे तो नावातून गळाला. अभ्यासक्रमातही त्याचे काय होते, ते पुढे दिसेल.

या शिक्षणाची मराठी मुलखातील सुरुवात पुण्याची. १८५४ साली तेथे इंजिनिअरिंगचा वर्ग आणि यांत्रिक शाळा निघाली, ती सरकारी बांधकामांना दुय्यम अधिकारी मिळावेत म्हणून. पुढे तिचेच अभियांत्रिकी महाविद्यालय झाले आणि मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली तेथूनच परीक्षा उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. माळव्यात हे शिक्षण बरेच उशिरा आले. उज्जैनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६६ सालचे. तेथील विद्यार्थ्याला क्षिप्रेचा रामघाट काही दूर नाही, आणि चार वर्षांत वेगवेगळ्या विषयपत्रिकांत विखुरलेल्या जवळजवळ सर्व विषयांची गाठ त्या एका घाटावर पडते. म्हणून आजचे उदाहरण रामघाटाचे. रामाने येथे दशरथाचे श्राद्ध केले अशी श्रद्धा आहे. माळव्यातील मराठी माणसाला तर हा परिसर घरचाच. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी अठराव्या शतकात महाकाळेश्वराचे मंदिर नव्याने उभारले, आणि घाटापासून जवळच हरसिद्धीच्या अंगणातल्या दोन दीपमाळा पाहिल्या की एखाद्या देशावरच्या देवळात उभे असल्याचा भास होतो.

पहिल्या वर्षी विद्यार्थी गणित, पदार्थविज्ञान, रसायन आणि आरेखन यांतून जातो. ते सर्व शाखांना सारखेच असते. स्थापत्याची खरी ओळख दुसऱ्या वर्षी होते, आणि ती उन्हात होते. साखळी, दुर्बीण, पट्ट्या घेऊन मुलांचे टोळके मैदानात उतरते. याला मोजणी किंवा सर्वेक्षण म्हणतात. आज साखळीची जागा विजेवर चालणाऱ्या उपकरणांनी आणि उपग्रहांनी घेतली असली, तरी शिकायची गोष्ट तीच: प्रत्येक उंची कशापासून तरी मोजावी लागते. उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंच आहे, असे म्हणताना न पाहिलेल्या समुद्राची पातळी कोणीतरी टप्प्याटप्प्याने, चुका तपासत, जमिनीवरून आत आणलेली असते. भारतीय ज्योतिर्विदांची शून्य रेखांशाची रेषा उज्जयिनीवरूनच जात असे, हे या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. सगळ्या मोजमापाला कोठेतरी आरंभबिंदू लागतो ही जाण या गावाला जुनीच आहे. गवंड्याच्या 'पाणसळ' या शब्दातही तेच शहाणपण आहे. सपाटी म्हणजे काय, तर स्थिर पाणी दाखवील ती. रामघाटाच्या पायऱ्यांची पातळी घेणाऱ्या विद्यार्थ्याला हा धडा वेगळा सांगावा लागणार नाही. नदी रोज पायऱ्यांवर आपली रेघ काढतेच.

यानंतर बल, ताण, दाब यांचे शास्त्र येते. तुळई कोठे वाकेल, खांब केव्हा लचकेल, कमान आपला भार बाजूला कसा ढकलते, हे आकडेमोडीने काढायला मुले शिकतात. मग प्रयोगशाळा. पंधरा सेंटिमीटर बाजूचे काँक्रीटचे ठोकळे पाण्यात मुरवून सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्रात चिरडतात. ज्या मुलाने काँक्रीटचा ठोकळा फुटताना ऐकला आहे, त्याला 'ताकद' या शब्दाचा अर्थ पुस्तकाबाहेर कळतो. आणि येथेच त्याला या शास्त्राचा एक प्रामाणिकपणा भेटतो. संकल्प करताना भार दीडपट धरायचा आणि काँक्रीटची ताकद दीडाने भागून घ्यायची. म्हणजे आपले गणित, आपला माल आणि आपला गवंडी या तिघांवरही पूर्ण भरवसा ठेवायचा नाही, असा लेखी नियमच आहे. मानव्यविद्यांच्या किती शाखांत असा नियम आहे, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

खरी कसोटी मात्र जमिनीखाली आहे. माळव्याची काळी माती कपाशीला आई आणि घराला सावत्र. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पाया घेतलेली भिंत दोनचार वर्षांत तडकते. अशा मातीसाठी तळाशी फुगीर कंद असलेल्या खुंट्यांचा पाया रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने रूढ केला, तो विद्यार्थ्यांना शिकवतात. पण त्याहून मोठी गोष्ट कार्ल टर्झागी या शास्त्रज्ञाने १९२५ च्या आपल्या ग्रंथातून मांडली. मातीची ताकद मातीइतकीच तिच्या कणांमध्ये अडकलेल्या पाण्यावर ठरते. हे घाटाला लावून पाहावे. पूर चढताना घाट पडेल अशी भीती सामान्य माणसाला वाटते. वस्तुतः चढते पाणी पायऱ्यांना आणि तटाला पुढून टेकूच देत असते. धोका असतो तो पूर झपाट्याने ओसरतो तेव्हा. पुढचा टेकू निघून जातो आणि मागच्या मातीत मुरलेले पाणी तटाला पाठीमागून ढकलू लागते. म्हणून अशा भिंतीत पाणी निघून जायला छिद्रे ठेवतात. घाट 'सुंदर' करताना ती छिद्रे नव्या फरशीखाली बुजली, तर पुढल्या पावसाळ्यात फरशी का फुगली याचे उत्तर कंत्राटदाराकडे नसते. तिसऱ्या वर्षाच्या मृदा यांत्रिकीच्या पुस्तकात असते.

मातीने महाराष्ट्राला शिकवलेला धडा तर ज्ञात आहेच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले. बांधकाम पुरते झाले नव्हते, पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे होते, तिच्यावरचा भराव खचला आणि साठलेले पाणी धरणावरून वाहू लागले. त्याच दिवशी खाली १८७९ पासून उभे असलेले खडकवासल्याचे दगडी धरणही गेले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. विद्यार्थी जे मानक-संहितांचे क्रमांक पाठ करतात, ती रुक्ष पुस्तके अशाच घटनांनंतर पुन्हा लिहिली जातात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा भूकंपाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याचा होता. जड माळवदांखाली आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली हजारो माणसे गेली. २००२ साली सुधारलेल्या संहितेत कमी धोक्याचा तो वर्गच रद्द झाला. परीक्षेत चार गुणांना विचारला जाणारा तो नकाशा कशाची किंमत देऊन बदलला, हे वर्गात सांगणारा शिक्षक भेटणे हे त्या विद्यार्थ्याचे भाग्य.

आता पाणी. जलविज्ञान हा विषय मुळात शक्याशक्यतेचा हिशोब आहे. 'शंभर वर्षांचा पूर' या शब्दप्रयोगाने सुशिक्षित माणसेही फसतात. एकदा येऊन गेला, आता नव्व्याण्णव वर्षे निर्धास्त, असे त्यांना वाटते. खरा अर्थ असा की तो कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक. विद्यार्थी हिशोब करतो तेव्हा त्याला दिसते की एका सिंहस्थापासून पुढच्या सिंहस्थापर्यंतच्या बारा वर्षांत असा पूर येण्याची शक्यता शेकडा अकराच्या आसपास आहे, आणि शंभर वर्षांत ती शेकडा त्रेसष्ट होते, शंभर नव्हे. रामघाटावरची छोटी मंदिरे आणि जवळचा छोटा पूल पाण्याखाली जाणे ही तर अनेक पावसाळ्यांची नित्याची बातमी. घाट बांधणाऱ्यांनी ती गृहीतच धरली असावी. घाट ही पुराशी न भांडणारी रचना आहे; पाण्याने कोणत्या पायरीवर उभे राहायचे हे ती पाण्यावर सोपवते. नदीकाठी नव्याने भिंती उभारणाऱ्यांनी ही नम्रता अभ्यासावी.

क्षिप्रेचे दुखणे मात्र पुराचे कमी आणि कोरडेपणाचे अधिक. इंदूरच्या आग्नेयेच्या टेकड्यांत उगम पावणारी ही नदी मुख्यतः पावसावर जगते. आणि उज्जैनचा सिंहस्थ येतो चैत्र-वैशाखात. नाशिकला तो श्रावण-भाद्रपदात, गोदावरी भरलेली असताना. म्हणजे दोन्हीकडे पर्व एकच, पण अभियंत्यापुढचे प्रश्न उलटे: नाशिकला माणसे आणि पूर एकाच वेळी, उज्जैनला माणसे सर्वाधिक आणि पाणी सर्वांत कमी. या अडचणीवर तोडगा म्हणून २०१४ साली नर्मदेचे पाणी साडेतीनशे मीटरच्या आसपास उंच उपसून क्षिप्रेच्या उगमाकडे आणून सोडण्यात आले, आणि २०१६ च्या सिंहस्थातील स्नाने त्या पाण्यात झाली. पंप, नळ, घर्षणाने होणारी दाबाची तूट, विजेचा खर्च, हे सर्व विद्यार्थी द्रवयांत्रिकीत शिकतो, आणि अभियांत्रिकी म्हणून ही कामगिरी मोठीच. तथापि नदी पंपाने वाहू लागली म्हणजे तिचा प्रवाह विजेच्या देयकावर अवलंबून राहतो, हेही त्या हिशोबात मांडायला हवे.

दुसरे दुखणे वरच्या अंगाला आहे. इंदूर शहरातून येणारी खान किंवा कान्ह नदी सांडपाणी घेऊन उज्जैनच्या आधी त्रिवेणीपाशी क्षिप्रेला मिळते. पर्यावरण अभियांत्रिकीच्या तासाला मुले पाण्याची 'प्राणवायूची मागणी' मोजतात. घाणीवर जगणारे जीवाणू पाण्यातला किती प्राणवायू खाऊन टाकतात, ते बाटली ठरावीक तापमानात ठेवून पाहायचे. युरोपात ही बाटली २० अंशांवर पाच दिवस ठेवत. भारतात हवामान लक्षात घेऊन २७ अंशांवर तीन दिवसही ठेवतात. स्नानायोग्य पाण्यात ही मागणी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर नसावी आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा, असे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मान आहे. श्रद्धाळू माणूस ज्या पाण्याची एक ओंजळ तोंडात घेतो, त्याविषयी स्थापत्याचा विद्यार्थी एवढे निश्चित सांगू शकतो. २०१६ च्या सिंहस्थाआधी खानचे पाणी नळातून वळवून शहराच्या खाली सोडण्याची योजना झाली, आणि २०२८ च्या सिंहस्थासाठी त्याहून मोठी योजना हाती घेण्यात आली. वळवलेले पाणी शुद्ध होत नाही, ते खालच्या गावाकडे जाते. हे वाक्य कोणत्याही सूत्रात येत नाही; पण त्या गावांनाही घाट आहेत.

येथवर माती, दगड, पाणी झाले. आता ज्याच्यासाठी हे सगळे, तो नागरिक अभ्यासक्रमात कोठे आहे ते शोधावे. तो तीन ठिकाणी सापडतो. पहिल्या ठिकाणी तो वजन आहे. माणसे दाटीने उभी राहतील अशा सभागृहाची जमीन दर चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ५०० किलो, भार पेलेल अशी बांधावी असे संहिता सांगते. दुसऱ्या ठिकाणी तो तहान आहे: मलवाहिन्या असलेल्या गावात दररोज दरडोई १३५ लिटर पाणी, आणि त्याचे शेकडा ऐंशी सांडपाणी. तिसऱ्या ठिकाणी, रस्त्यांच्या विषयात, तो वाहन आहे. सगळी वाहने मोटारीच्या मापात बदलून घेतात. सायकल अर्धी मोटार, बैलगाडी सहा-आठ मोटारींइतकी. पायी चालणाऱ्याला त्या कोष्टकात जागाच नाही. त्याच्यासाठी वेगळी मार्गदर्शिका आहे, पण सत्र बहुधा तिच्या आधीच संपते. आणि रामघाटावर येणारा तर पायीच येतो.

हे थट्टेवारी नेण्यासारखे नाही. १५ जुलै १९९६ रोजी, सोमवती अमावास्येच्या दिवशी, महाकाळेश्वराच्या मंदिरात चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक मृत्यू पावले. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकला, रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर, जवळपास चाळीस जण गेले. दोन्ही ठिकाणी बांधकाम कोसळले नव्हते. जमिनीने तो ५ किलोन्यूटनचा भार बिनतक्रार पेलला होता. गर्दी हा स्थिर भार असल्याचे गृहीत धरलेले ते शास्त्र गर्दी वाहू लागल्यावर मुके झाले. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहांहून अधिक माणसे दाटली की त्यांची पावले त्यांची राहत नाहीत. समूह पातळ पदार्थासारखा हेलकावतो आणि धक्क्याची लाट दूरवर जाते. तेव्हा वाट किती रुंद, उतार किती, ओली पायरी किती गुळगुळीत, येणाऱ्यांची आणि जाणाऱ्यांची तोंडे समोरासमोर येतात की काय, यावर जीव अवलंबून असतो. गंमत अशी की नळातून पाणी कसे वाहते, तोंड अरुंद झाले की काय होते, हे त्याच विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षी उत्तम शिकवलेले असते. ते गणित गल्लीला लावून पाहा, असे मात्र त्याला क्वचित सांगतात.

वाऱ्याचेही तसेच. वाऱ्याच्या दाबाची संहिता उंच इमारतींच्या निमित्ताने शिकवली जाते. पण ५ मे २०१६ रोजी, ऐन सिंहस्थात, वादळाने मंडप कोसळून भाविक दगावले. आणि २८ मे २०२३ रोजी महाकाल लोकातील सप्तर्षींच्या सात मूर्तींपैकी सहा वाऱ्याने आडव्या झाल्या. मंडप आणि पोकळ मूर्ती यांना कोणी 'स्थापत्य' समजत नाही. वारा असा भेद करीत नाही.

राहता राहिला शेवटच्या वर्षाचा एक उपेक्षित विषय: परिमाण आणि खर्चाचे अंदाजपत्रक. खोदाई किती घनमीटर, दगडकाम किती, दर काय, मजुरी काय. मुले तो गुण मिळवून देणारा विषय म्हणून करतात. या अंदाजपत्रकात नव्या कामाची कोष्टके पानोपानी असतात. देखभालीला अखेरचे एखादे प्रकरण. वस्तुतः घाट टिकतात ते देखभालीवर. दर पावसाळ्यानंतर पायऱ्यांवर बोटबोट गाळ बसतो. तो ओला असताना धुतला तर निघतो, वाळल्यावर कुदळ लागते आणि कुदळीने कडा उडतात. दरजांतला चुना वाहून गेला की सांध्यात पिंपळ रुजतो. पहिल्या वर्षी तो बोटाने उपटता येतो, पाचव्या वर्षी दगड काढावा लागतो. नाशिकला २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास गोदापात्रातल्या कुंडांत काँक्रीट ओतले गेले; नदी नीटनेटकी दिसू लागली, पण तळाचे झरे बुजल्याची तक्रार नाशिककरांनी वर्षानुवर्षे लावून धरली आणि पुढे काही भागातले काँक्रीट काढावे लागले. ओतण्याचे अंदाजपत्रक सोपे असते. काढण्याचे कोणत्याही पुस्तकात नसते.

शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रकल्प करावा लागतो. बहुतेक प्रकल्प न बांधायच्या बहुमजली इमारतींचे असतात. त्याऐवजी दरवर्षी चार विद्यार्थ्यांनी आश्विनात, पूर ओसरल्यावर, रामघाटावर पाणसळ लावावी. ठरावीक पायऱ्यांची पातळी एकाच पक्क्या तलचिन्हापासून घ्यावी. पुराची सर्वांत वरची रेघ, गाळाची जाडी, निखळलेले दगड, बुजलेली छिद्रे आणि पर्वणीच्या दिवशी कोणत्या वाटेवर किती माणसे मिनिटाला उतरली याची नोंद करावी. ती वही महाविद्यालयाच्या कपाटात पडून न राहता गावातल्या एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावी, म्हणजे पुढल्या वर्षीच्या चौघांना आणि महानगरपालिकेच्या अभियंत्यालाही ती मागून घेता येईल. खर्च म्हणाल तर एका नोंदवहीचा आणि चार दिवसांच्या रिक्षाभाड्याचा. २०२८ च्या वैशाखाआधी त्या वहीत अजून काही पावसाळे लिहिता येतील.